सोहोनीबाईंचे वाल

आमच्याकडे वाल सोलणं हा घरादाराचा कार्यक्रम असे. भिजवून, पंचात घट्ट बांधून मोड काढलेले कडवे वाल आत्या कोमट पाण्यात टाकायची, मधोमध परात ठेवायची आणि आम्हा भावंडांना भोवती बसवायची. चिमटीत दाबला की वाल सालातून सुळकन निसटे. कधी परातीत पडे, कधी समोरच्याच्या डोळ्यात. आत्या मुंबईत रसायनशास्त्र शिकलेली. त्यामुळे दुसऱ्या घरांत अशा वेळी रामायण-महाभारत चालत असेल, तिथे आमच्याकडे सोहोनीबाईंची कथा लागे.

"रामनसाहेब म्हणाले, मुलींना इथे प्रवेश नाही. बाईंनी त्यांच्या दारात तीन दिवस उपास केला!" पुढच्या वर्षी तीनाचे पाच दिवस होत. आजी कढईवरून मान वळवून विचारायची, "आणि मग आत जाऊन काय केलं गं तिनं?" आत्या म्हणायची, "संशोधन." कथा तिथेच संपायची.

पुढे मी वाचलं तेव्हा उपास कुठे सापडला नाही. सापडलं ते असं. कमला भागवत, म्हणजे पुढच्या सोहोनीबाई, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली आणि तिनं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, याच संस्थेत शिकलेले. थोरली बहीण म्हणजे आपल्या दुर्गा भागवत. अशा घरातल्या मुलीला मुलगी म्हणून नकार आला. ती थेट बंगलोरला गेली आणि प्रवेश मिळेपर्यंत तुमच्या कचेरीपुढे सत्याग्रहाला बसेन, असं तिनं संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांना सांगितलं. प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष परीक्षेचं, मार्गदर्शक म्हणतील तेव्हा, अगदी रात्रीही काम करायचं, आणि तिच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट आत्यानं आम्हाला कधी सांगितली नाही. उपासापेक्षा ती तिला जास्त झोंबत असावी.

वर्षभरानं रामन यांची खात्री पटली आणि पुढच्या मुलींसाठी ते दार किलकिलं झालं. कमलाबाई श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या गुरूंच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतली प्रथिनं तपासत राहिल्या. १९३६ साली एमएस्सी झाल्या आणि केंब्रिजला गेल्या.

तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींच्या श्वसनाचा माग काढला. पेशीला अन्नातून ऊर्जा मिळते ती एका फटक्यात नाही. विहिरीवर बायका रांगेनं उभ्या राहून घागरी हातोहात पुढे देतात, तसे पेशीत इलेक्ट्रॉन एकीकडून दुसरीकडे दिले जातात. त्या रांगेतली एक लोहयुक्त प्रथिनाची जागा म्हणजे सायटोक्रोम-सी, आणि त्याच्याकडून घागर घेऊन ती शेवटी प्राणवायूपर्यंत पोचवणारं विकर म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज. ही व्यवस्था वनस्पतींतही आहे, हे बटाट्यावरच्या कामातून त्यांनी दाखवलं. चौदा महिन्यांचं संशोधन, अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध, आणि १९३९ साली पीएचडी. त्याच वर्षी हिल आणि भागवत या दोन नावांनी फुलझाडांतल्या या विकरावरचं टिपण 'नेचर'मध्ये छापून आलं.

मग त्या परत आल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंज महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ साली लग्न झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे जीवरसायनशास्त्र विभागात त्यांनी विद्यार्थी घडवले, आणि पुढे संस्थेच्या संचालकही झाल्या. ती खुर्ची मात्र त्यांना उशिरानं मिळाली.

त्यांच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेत आलं काय, तर गरिबाच्या ताटातलं अन्न: कडधान्यं, तांदळाचं पीठ, नीरा. नीरेचं काम राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झालं. ताडामाडाच्या या ताज्या रसातून कुपोषितांना जीवनसत्त्वं आणि लोह मिळतं, हे त्यांनी दाखवलं आणि त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

कडधान्यांचं काम मात्र थेट आमच्या परातीपर्यंत येतं. आपण खाल्लेली प्रथिनं लहान आतड्यात तोडणारं एक विकर म्हणजे ट्रिप्सिन. काही कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच अडवणारा पदार्थ असतो. किड्यांपासून वाचण्यासाठी बीजानं केलेली ती तजवीज. त्रास मात्र खाणाऱ्याला. दाण्यात प्रथिनं भरपूर, पण कच्चा खाल्ला तर अंगी लागायची पंचाईत. भिजवणं, मोड आणणं, नीट शिजवणं यांनी हा अडसर बराच कमी होतो. आजी याला "वाल वातूळ असतो, नीट केल्याशिवाय खाऊ नये" एवढंच म्हणायची. वात धरण्याची कारणं आणखीही आहेत. पण नीट का करायचा, याचं एक उत्तर या अडसरात आहे.

निवृत्तीनंतरही बाई घरी बसल्या नाहीत. मुंबईतल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत त्यांनी भेसळीविरुद्ध काम केलं, संस्थेच्या 'कीमत' नियतकालिकात लिहिलं. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

आजही त्यांचं नाव निघालं की रामन यांचं दार आधी येतं. दार खरंच होतं, आणि ते सांगायलाच हवं. पण एवढंच सांगत राहिलो, तर अडवणारा गोष्टीत मोठा होतो आणि काम करणारी उंबऱ्यावरच उभी राहते. आजीचा प्रश्न बरोबर होता.

त्याचं उत्तर १९५५ सालच्या 'नेचर'मध्ये छापलेलं आहे. सोहोनीबाईंनी एका सहकाऱ्याबरोबर ट्रिप्सिन अडवणारा पदार्थ स्फटिकरूपात वेगळा काढला, त्याचं ते टिपण. तो ज्या दोन दाण्यांतून काढला, त्यांची नावं शीर्षकातच आहेत. एक डबल बीन. दुसरा इंडियन फील्ड बीन, म्हणजे आपला वाल.