कराचीचे उंट

दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक म्हणजे मरी ते मार्ला, सुमारे ६२० किलोमीटर कच्चा रस्ता. कॅम्परव्हॅनमध्ये रेंज नव्हती, मी पाण्याचे कॅन मोजत होतो. हा रस्ताच मुळात झऱ्यांच्या ओळीने जातो. अरबाना लोकांना ते झरे हजारो वर्षं ठाऊक होते. १८७२ची तारायंत्राची लाइन आणि नंतरची रेल्वेही त्याच पाण्याच्या आधाराने गेली.

सामान वाहिलं उंटांनी. १८६०मध्ये २४ उंट कराचीहून मेलबर्नला आणले गेले; कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. पुढे बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी उंटवाले करारावर येत राहिले. सगळ्यांना एकच नाव पडलं, 'अफगाण'. मरीत रुळांच्या एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला हे आणि मूलनिवासी. १९०१च्या कायद्याने घरच्यांना आणणं जवळपास अशक्य केलं. ट्रक आल्यावर, १९२५मध्ये, मोकाट उंट मारायला कायद्याने मुभा दिली. अनेकांनी आपले उंट वाळवंटात सोडून दिले.

त्यांच्या नावावरून ओळखली जाणारी 'द घॅन' ही महागडी ट्रेन आज पर्यटकांना फिरवते. मीही इथे तात्पुरत्या व्हिसावर कोड लिहितो. त्यामुळे हा इतिहास मला फार जुना वाटत नाही.