शाळेच्या वाटेवरचीं वस्त्रें

मनुष्य घराबाहेर पडतांना कोणासाठीं वस्त्रें नेसतो, असा प्रश्न केला तर जो तो आपल्यापुरतें उत्तर देईल. लग्नाला जाणारा यजमानासाठीं नटतो, कचेरींत जाणारा साहेबासाठीं, देवळांत जाणारा देवासाठीं किंवा निदान देवळांतल्या माणसांसाठीं. परंतु रोज सकाळीं मुलाचें बोट धरून शाळेच्या दारापर्यंत जाणारे आईबाप नेमके कोणासाठीं कपडे बदलतात? तेथें त्यांना कोणी बसावयास सांगत नाहीं, पानसुपारी देत नाहीं, नांवही विचारीत नाहीं. पांच मिनिटांचें काम. तरी त्या पांच मिनिटांसाठीं घरोघर कपाटें उघडतात आणि मुलाच्या डब्याइतकाच वेळ आईच्या ओढणीवर खर्च होतो. ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी आहे असें आम्हांस पूर्वीं वाटे. महाराष्ट्रांतील शाळांचा पावणेदोनशें वर्षांचा इतिहास या एका बाजूनें चाळून पाहिल्यावर आमचें मत बदललें.

पंतोजीच्या शाळेच्या काळीं हा प्रश्नच नव्हता. मुहूर्त पाहून ज्या दिवशीं मुलाला शाळेंत घालीत, त्या एका दिवशीं बाप ठेवणींतलें धोतर, अंगरखा, पागोटें घालून, मुलाला नटवून, पंतोजीसाठीं शिधा-दक्षिणा घेऊन जाई. धुळाक्षरें गिरवून झालीं, ओनामा झाला, कीं बापाचा शाळेशीं संबंध संपला. दुसऱ्या दिवसापासून पोर आपल्या पायांनीं जाई. न गेलें तर पंतोजी दोन-चार दांडगीं मुलें पाठवी आणि तीं त्याला उचलून नेत. आई तर त्या पहिल्या दिवशींही उंबरठ्याच्या आंतच. पुढें मिशनऱ्यांच्या व सरकारी शाळा निघाल्या, तेव्हां सोवळ्याओवळ्याचा कडक आचार असलेल्या घरांतून निराळीच शिस्त लागली. शाळेंतून येतांच मुलानें कपडे ओटीवर खुंटीला टांगावे, हातपाय धुवावे, कोठें कोठें स्नानही करावें, आणि मगच स्वयंपाकघराकडे वळावें. म्हणजे आमच्याकडे शाळेचें वस्त्र घरच्या वस्त्रापासून प्रथम वेगळें झालें तें दिमाखासाठीं नव्हे, विटाळासाठीं.

शाळेच्या वाटेवर स्त्री दिसूं लागली ती आई म्हणून नव्हे, शिक्षिका म्हणून. १८४८ सालीं पुण्याच्या बुधवार पेठेंत भिडे यांच्या वाड्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा घातली आणि सावित्रीबाई तेथें शिकवावयास जाऊं लागल्या. (तो वाडा मोडकळीस येऊन २०२३ च्या अखेरीस राष्ट्रीय स्मारकासाठीं पाडण्यांत आला.) वाटेंत लोक अंगावर शेण व चिखल टाकीत, म्हणून त्या एक जास्तीचें लुगडें बरोबर घेऊन निघत आणि शाळेंत पोंचल्यावर तें नेसून मुलींपुढें उभ्या राहत, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वांच्या तोंडीं आहे. आपण ती धैर्याचें उदाहरण म्हणून सांगतों, आणि तें योग्यच आहे. पण तींत व्यवहाराचा जो एक बारीक विचार आहे तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. चिखल लागणार हें ठरलेलें. तेव्हां वाटेचें लुगडें वेगळें आणि वर्गाचें वेगळें. रस्त्याला काय द्यावयाचें आणि मुलींना काय दाखवावयाचें याचा हिशेब त्या बाईंनीं घरांतून निघण्यापूर्वींच केलेला असे. शिव्याशाप त्यांना थांबवितां येत नव्हते. परंतु शिकणाऱ्या पोरींनीं आपली बाई शेणानें भरलेली पाहूं नये, एवढें त्यांच्या हातीं होतें.

पस्तीस वर्षांनंतरही वाट तशीच होती. फेब्रुवारी १८८३ मध्यें, अमेरिकेस जाण्यापूर्वीं, आनंदीबाई जोशी यांनीं बंगालमधील श्रीरामपूर येथें इंग्रजींत एक भाषण केलें. मुंबईंत शाळेस जातांना काय अनुभव येई तें त्यांनीं त्यांत सांगितलें आहे. हातांत पुस्तकें पाहून लोक खिडक्यांतून डोकीं बाहेर काढीत, कोणी गाड्या थांबवून न्याहाळीत, आणि बूट-मोजे घालून शाळेंत जाणारी ही बाई कोण, म्हणून हंसत. आमच्या मतें येथें पुस्तकांपेक्षां बुटांचाच राग अधिक होता. पुस्तक वाचावयाचें तर तें घराच्या चार भिंतींआड वाचतां येतें. बूट घातला म्हणजे ही बाई चालत जाणार, रोज जाणार, आणि मान खालीं घालून जाणार नाहीं, हें जाहीर झालें.

१८८४ सालीं पुण्यास हुजूरपागेंत मुलींचें हायस्कूल निघालें. न्यायमूर्ति रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर अशीं मातबर माणसें पाठीशीं असतांही त्यावर पुष्कळ टीका झाली. त्या काळच्या कन्याशाळांना मुली मिळवावयाच्या तर त्यांना घरून आणण्याची व्यवस्था करावी लागे. कोठें मुली गोळा करणारी बाई, कोठें बंद गाडी, सुखवस्तु घरीं घरचा गडी. आईनें जाण्याचा प्रश्न अद्यापि दूरच होता. आणि ती आई विधवा असली तर? लाल आलवण नेसलेली, केशवपन केलेली बाई सकाळीं समोर येणें हाच अपशकुन मानीत. तिनें पोराचें बोट धरून शाळेच्या दाराशीं उभें राहावें, हें कोणाच्या कल्पनेंतही बसलें नसतें. आपण कोणत्या वस्त्रांत बाहेर पडावें याची निवड तिच्याकडे नव्हतीच. समाजानें ती एकदांच, कायमची, करून ठेविली होती.

अशी कायमची निवड दुसऱ्या एका वर्गाच्या वांट्यासही आली होती. अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रियांचें लुगडें, तें नेसण्याची तऱ्हा, गळ्यांतले व हातांतले दागिने यांवरून जात दुरूनच ओळखूं येई; आणि ती ओळखूं यावी अशीच त्यामागची योजना होती. डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें सत्याग्रह परिषद भरली, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं तेथें जमलेल्या स्त्रियांपुढें एक भाषण केलें. मनुस्मृतीचें दहन आणि चवदार तळें यांच्या गजरांत तें भाषण बरेंच मागें पडलें आहे. आम्हांस मात्र त्या परिषदेंतील तें एक अत्यंत महत्त्वाचें प्रकरण वाटतें. जात ओळखूं येईल अशी लुगडें नेसण्याची रीत टाकून द्या, वरच्या वर्गांतील स्त्रिया नेसतात तसें नेसा, असें त्यांनीं सांगितलें. कोपरापर्यंत चढविलेल्या कथलाच्या व चांदीच्या दागिन्यांचा भार उतरवा. वस्त्र फाटकें असलें तरी चालेल, पण तें स्वच्छ असूं द्या. आणि त्याच भाषणांत पुढें, मुलांप्रमाणें मुलींनाही शिकवा.

लुगड्याचा उपदेश आणि शिक्षणाचा उपदेश एकाच भाषणांत शेजारीं शेजारीं यावेत हा योगायोग नव्हे. पोराला शाळेंत घालण्यास जी आई जाणार, तिचें नेसणें पाहूनच त्याची जागा ठरत होती: आंत कीं पडवींत, बस्करावर कीं जमिनीवर. बाबासाहेबांना स्वतः साताऱ्याच्या शाळेंत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळें बसावें लागलें होतें. पाटीवर अक्षर उमटण्यापूर्वीं आईच्या अंगावरचें वस्त्र वाचलें जातें, हें त्यांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती. वरच्या वर्गासारखें नेसा यांत कसला स्वाभिमान, असा आक्षेप कोणी घेतील. त्यांनीं क्षणभर विचार करावा कीं, ज्या वस्त्रानें दुसऱ्यानें आपल्यावर शिक्का मारला आहे तें जपण्यांत तरी कोणता स्वाभिमान आहे? महाडच्या सभेंतून कित्येक बायका नेसण्याची रीत बदलूनच परत गेल्या. कायद्यानें किंवा ठरावानें जें घडतें त्याला वर्षें लागतात. हें एका दिवसांत घडलें.

त्याच सुमारास शहरांतील पांढरपेशा घरांतून दुसरा एक वाद चालूं झाला होता. नऊवारी सकच्छ लुगड्याच्या जागीं पांचवारी-सहावारी गोल पातळ आलें, चोळीच्या जागीं पोलकें व झंपर आलें. घरांतल्या वडील बायकांना काष्ट्याशिवाय नेसणें म्हणजे अर्धें नागवेपण वाटे. पुष्कळ सुनांनीं तडजोड काढली: घरांत नऊवारी, बाहेर जातांना गोल. शाळेची वाट या तडजोडीला फार उपयोगी पडली, कारण ती रोजची होती आणि तिला घरांतून कोणी हरकत घेऊं शकत नव्हतें. नातवाला शाळेंत तर पोंचविलेंच पाहिजे! एका पिढीनें सहावारी नेसण्याचा सराव मुलांना शाळेंत पोंचवितां पोंचवितांच केला, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथें आमच्या घरची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. सुमारें साठ वर्षांपूर्वीं आम्ही चौथींत होतों. आमची आई नऊवारी नेसे. वर्गांतल्या बहुतेक मुलांच्या आया सहावारी नेसत. एकदां प्रगतिपुस्तकासाठीं पालकांना शाळेंत बोलाविलें होतें. आम्हीं आईला सांगितलें, “तूं नको येऊंस, बाबांना पाठव.” तिनें कारण विचारलें नाहीं. बाबांना रजा मिळण्यासारखी नव्हती हें आम्हांसही ठाऊक होतें. त्या दिवशीं ती शाळेच्या जिन्यानें वर आली ती शेजारच्या काकूंचें निळें व्हॉईलचें पातळ नेसून. काकू उंच होत्या. पातळाचा घोळ तिच्या पायांत येत होता आणि एका हातानें निऱ्या उचलून धरून ती एकेक पायरी चढत होती. मास्तरांनीं गणिताबद्दल काय सांगितलें तें आम्हांस आठवत नाहीं.

पुढचा इतिहास वाचकांच्या डोळ्यांसमोरचा आहे, तेव्हां त्यांत फार शिरत नाहीं. पंजाबी पोशाख आला आणि दुचाकीवरून मुलांना नेणाऱ्या आयांची सोय झाली. मागून जीन आली. आणि घरांत घालावयाचा गाऊन हळूहळू उंबरठा ओलांडून वाण्याच्या दुकानापर्यंत, तेथून शाळेच्या बसच्या थांब्यापर्यंत गेला. त्यावर मर्यादेसाठीं एक ओढणी टाकण्याची युक्ति कोणी काढली तें कळत नाहीं, परंतु इतकी अस्सल मध्यमवर्गीय तडजोड दुसरी दाखवितां यावयाची नाहीं. नवी मुंबईंतील गोठिवली गांवांत २०१४ सालीं एका महिला मंडळानें दिवसां गाऊन घालून बाहेर पडणाऱ्या बाईस पांचशें रुपये दंड ठरविला, तेव्हां वृत्तपत्रांत त्याची बरीच थट्टा झाली. पण विलायतेंतही याहून निराळें कांहीं घडलें नाहीं. जानेवारी २०१६ मध्यें डार्लिंग्टन येथील स्कर्न पार्क या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेनें पालकांना पत्र लिहून विनंति केली कीं, मुलांना पोंचविण्यास येतांना कृपा करून रात्रीच्या पायजम्यांत येऊं नये. दुसऱ्या दिवशीं कांहीं पालक मुद्दाम पायजमे घालून आले. दोन्ही ठिकाणीं प्रश्न कापडाचा नव्हता. सकाळच्या घाईंत ज्या बाईला आरशापुढें उभें राहण्यास वेळ नाहीं, तिच्या आळसाचा तो पुरावा मानावा कीं तिच्या कष्टांचा, एवढाच वाद होता. आणि निकाल देणारे बहुधा असे होते, कीं ज्यांच्या घरीं डबे दुसरें कोणी भरतें.

शहरांतील नामांकित इंग्रजी शाळांतून मात्र याच्या उलट प्रकार चाले. बालवर्गांत प्रवेश देण्यापूर्वीं आईबापांचीच मुलाखत घेत, आणि त्या मुलाखतीला काय घालून जावें यावर चाळींतून व बंगल्यांतून सारखीच खलबतें होत. रेशमी नेसलें तर गांवंढळ दिसेल, सुती नेसलें तर गरीब दिसेल. बापाला टाय येत नसेल तर तो शेजाऱ्याकडून बांधवून घ्यावा. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रवेशासाठीं मुलाची अथवा त्याच्या आईबापांची चाळणी करण्यास बंदी केली, आणि खाजगी शाळांतील प्रवेशवर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांसाठीं राखून ठेविल्या. कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. मुलाखत कागदावरून तरी गेली. शाळेच्या दारांत उभे असलेले इतर आईबाप मात्र कोणत्याही कलमाखालीं येत नाहींत, आणि त्यांचे डोळे मुलाखत घेतच असतात.

आमच्या गल्लींत चार घरीं धुणींभांडीं करणाऱ्या एका बाईची मुलगी अशाच राखीव जागेवर एका चांगल्या शाळेंत जाते. बाई सकाळीं येतांना एक पिशवी बरोबर आणते. तींत इस्त्री केलेला पंजाबी पोशाख, कंगवा आणि पावडरचा लहान डबा असतो. शाळा सुटण्याच्या वेळेआधीं पंधरा मिनिटें ती आमच्या न्हाणीघरांत जाऊन कपडे बदलते, मुलीला घेऊन येते, आणि पुन्हां जुनें पातळ नेसून उरलेल्या दोन घरांच्या भांड्यांना लागते. मुलगी ओट्यावर बसून गृहपाठ करते. गेल्या पावसाळ्यांत एकदां बाईला उशीर झाला, बदलण्यास वेळ मिळाला नाहीं. ओल्या पदरानेंच ती धांवत गेली. दारापर्यंत मात्र गेली नाहीं. रस्त्याच्या पलीकडे सायकलींच्या दुकानाशीं आडोशाला उभी राहिली. मुलीनें दारांतून इकडेतिकडे पाहिलें, तिला आई दिसली, आणि तिनें तेथूनच मोठ्यानें हांक मारली.