रूळ धरून चालत जा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे.

लहानपणी चुडाव्याहून पूर्णेला पायी निघालो की घरातली मोठी माणसे सांगायची, "रूळ धरून चालत जा, म्हणजे वाट चुकणार नाही." पावसाळ्यात गाडीवाट चिखलात बुडालेली असायची, आणि रुळाशेजारी मात्र खडीची कोरडी वाट. तेव्हा मीटरगेज होते, गाड्या मोजक्या. वाफेचे इंजिन दिसायच्या आधीच ऐकू यायचे. मालगाडी आली की आम्ही बाजूला उभे राहून डबे मोजायचो. शेवटी गार्डचा डबा यायचा, त्यातला माणूस हात हलवायचा आणि आमची मोजणी संपायची. ती गाडी धोक्याची असते असे कधी वाटलेच नाही.

८ मे २०२० च्या सकाळी ते सगळे आठवले. त्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास आमच्याच मार्गावर, बदनापूर आणि करमाड यांच्या दरम्यान, एका रिकाम्या मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशातली माणसे होती. टाळेबंदीत काम बंद पडले, म्हणून भुसावळला रेल्वे मिळेल या आशेने रुळाच्या कडेने चालत निघाली होती. थकून रुळावरच झोपली. प्रवासी गाड्या बंद असल्याने कुठलीच गाडी येणार नाही असे त्यांना वाटले. पण देशाला धान्य, कोळसा आणि तेल लागतेच, त्यामुळे मालगाड्या चालू होत्या. चालकाने माणसे दिसताच भोंगा वाजवला, ब्रेक लावला. पण धावती मालगाडी काही सायकल नव्हे! वेग आणि वजन जास्त असले की तिला थांबायला एखादा किलोमीटरही लागतो. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे ते छायाचित्र तुम्हीही पाहिले असेल.

"रूळ धरून चालत जा, वाट चुकणार नाही." त्यांनाही कुणीतरी हेच सांगितले असेल ना?

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. सुरक्षेचा कायदा नेमका कुणाला मोजतो? आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून जुने कायदे उघडून बसलो.

रेल्वेचे बहुतेक नियम अपघातानंतर जन्मले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा येथे सहलीला निघालेल्या मुलांची गाडी उताराला मागे घरंगळली आणि ८० माणसे गेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. प्रवासी गाड्यांना, बरे का! तिकडे कित्येक मालगाड्या पुढची अनेक दशके तशा ब्रेकशिवाय धावल्या.

अमेरिकेत उलटे घडले. तिथे मालगाडीचे ब्रेक लावायला माणसे धावत्या डब्यांच्या छपरांवरून पळत, आणि डबे जोडताना बोटे गमावत. आयोवाच्या लोरेन्झो कॉफिन या गृहस्थाने याविरुद्ध वर्षानुवर्षे चिकाटीने प्रचार केला. शेवटी १८९३ मध्ये स्वयंचलित जोडणी आणि हवेच्या ब्रेकची सक्ती करणारा कायदा झाला. मला हा कायदा फार मोठा वाटतो. तो प्रवाशासाठी नव्हता, मालगाडीवर राबणाऱ्यासाठी होता.

आपल्याकडे काय? १८९० चा रेल्वे कायदा आला, तपासणी करणारे निरीक्षक आले. पण जो रेल्वे चालवतो त्यानेच आपली चौकशी करायची, हे म्हणजे विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासण्यासारखे. १९३७ मध्ये पाटण्याजवळ बिहटा येथे भीषण अपघात झाला. त्यानंतर नेमलेल्या समितीने १९३९ मध्ये यावर बोट ठेवले, आणि १९४१ मध्ये हे निरीक्षक रेल्वे बोर्डापासून वेगळे काढले गेले. आज रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. अनेकांना हे ऐकून हसू येते, पण त्यामागे शहाणपण आहे.

आता १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम ११४ पाहा. प्रवासी गाडीच्या अपघातात जीव गेला, कायमचे अपंगत्व आले किंवा रेल्वेचे मोठे नुकसान झाले, तर आयुक्तांची चौकशी ठरलेली. मालगाडीला तशी सक्ती नाही. आयुक्तांना गरज वाटली तर ते करतात, नाहीतर रेल्वेचे स्वतःचे अधिकारी चौकशी करतात. करमाडची चौकशी आयुक्तांकडे दिली गेली, हे चांगलेच झाले. पण कलमाच्या हिशेबी ती माणसे प्रवासी नव्हती. कलम १४७ प्रमाणे ती हद्दीत विनापरवाना शिरलेली माणसे होती!

माझा एक जुना विद्यार्थी मालगाडीवर गार्ड होता. (२०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात.) एकदा भेटायला आला तेव्हा म्हणाला, "सर, मालगाडी म्हटलं की लोकांना माल दिसतो. त्यात दोन-तीन माणसं बी असत्यात, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही." रात्र-रात्र एकटे बसणे, डब्यात संडास नाही, घरी कधी पोचणार याचा भरवसा नाही. कामाच्या तासांचे हे दुखणे जुनेच आहे. ऑगस्ट १९७३ मध्ये इंजिनचालकांच्या संपानंतर दहा तासांची मर्यादा मान्य झाली होती. ते आश्वासन पाळले गेले नाही, हा राग १९७४ च्या मे महिन्यातल्या मोठ्या संपातही होता.

आणि माणूस नसला तर काय होते, तेही आपण पाहिले. ६ जुलै २०१३ रोजी कॅनडात लॅक-मेगांटिक येथे उतारावर उभी केलेली तेलाची मालगाडी रात्री आपोआप घरंगळली आणि ४७ माणसे जळून गेली. गाडीवर एकच कर्मचारी होता, आणि हातब्रेक पुरेसे लावलेले नव्हते. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्याकडे कठुआहून खडीने भरलेली मालगाडी चालकाविना सुटली, ती सत्तर किलोमीटरहून अधिक धावून पंजाबात थांबली. जीव गेला नाही, हे नशीब. उभ्या गाडीची हवा हळूहळू गळते आणि ब्रेक सैल पडतो. म्हणून हातब्रेक आवळायचे, चाकाखाली लाकडी गुटके ठेवायचे. नियम इतका साधा आहे, पण तो पाळायला हात आणि वेळ लागतो.

आमच्या भागाचे एक भाग्य असे की लाल सिग्नल ओलांडू न देणारी 'कवच' यंत्रणा देशात जिथे प्रथम बसली, त्यात मनमाड-मुदखेड-गुंतकल हा ९५९ किलोमीटरचा मार्ग आहे, म्हणजे चुडावाही आला. पण कवच रुळाबरोबर इंजिनातही असावे लागते, आणि मालगाडीचे इंजिन तर देशभर फिरते. शिवाय रुळावर झोपलेला माणूस कुठल्याही कवचाला दिसत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. मालगाडीमुळे कुणाचाही जीव गेला, मग तो गार्ड असो, रुळ तपासणारा गँगमन असो की वाटसरू, तर आयुक्तांची चौकशी सक्तीची व्हावी आणि तिचा अहवाल सर्वांना वाचायला मिळावा. १८९३ मध्ये जे सुचले, ते आज अवघड नसावे.

असो. आता इथे ब्रॉडगेज आहे, दुहेरी मार्ग झाला आहे, आणि गाडी ऐकू येईपर्यंत जवळ आलेली असते. परवा नातू निघाला तेव्हा माझ्या तोंडून आपसूक जुने वाक्य येत होते. मी ते गिळले आणि म्हणालो, "बाळा, रूळ सोडून चाल. थोडा उशीर झाला तरी चालेल."