नळ, फ्यूज, मोडेम वगैरे

घरातल्या किरकोळ दुरुस्त्या मी स्वतः करतो हे आता नात्यात सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे फोन येतात. 'नळ गळतोय', 'गीझर लावला की एमसीबी पडतो', 'वरच्या खोलीत नेट मिळत नाही'... मी प्लंबर नाही, वायरमनचा परवानाही माझ्याकडे नाही. एक पाइप पाना, पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर आणि भरपूर कुतूहल, एवढंच भांडवल. पण या उद्योगात एक गोष्ट सारखी जाणवते. 'हे असं का?' या प्रश्नाचं उत्तर हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. ते शंभर-दीडशे वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं. त्यातल्या काही गोष्टी आज लिहून काढतो. शेवटची जरा गंभीर आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींनी निदान तेवढी तरी वाचावी.

सुरुवात पाइपापासून. आपण ज्याला अर्धा इंची जीआय पाइप म्हणतो तो कधी मोजून पाहिलाय? बाहेरून तो साधारण २१ मिलिमीटर भरतो आणि आतून १६ च्या आसपास. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. म्हणजे अर्धा इंची पाइपात अर्धा इंच कुठेच नाही! गंमत अशी की सुरुवातीच्या लोखंडी पाइपांच्या भिंती जाड असत आणि आतलं भोक खरोखरच अर्ध्या इंचाचं असे. पुढे लोखंड सुधारलं, भिंती पातळ झाल्या. पण बाहेरचं माप बदलता येईना, कारण जुन्या जोडांचे आटे त्यावर बसायला हवेत. म्हणून भिंत आतून पातळ झाली, भोक वाढलं आणि नाव तेच राहिलं. हे आटेही तसेच जुने. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सर्वांनी एकाच मापाचे आटे पाडावेत अशी सूचना केली, आट्याचा कोन ५५ अंश. आपल्या पाइपांचे आटे त्याच घराण्यातले. आपल्याकडे १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला, शाळेत आपण सेंटिमीटर शिकलो. पण दुकानात आजही 'पाऊण इंची एल्बो द्या' असंच म्हणायचं आणि मिस्त्री आजही आठ सुतांचा इंच मोजतो.

याचा व्यवहारात उपयोग काय? तर सीपीव्हीसीचा पिवळट पाइप आला, त्याचंही नाव 'अर्धा इंची'च, पण तो बाहेरून १५.९ मिलिमीटर. नाव एक, अंग वेगळं. त्यामुळे जुन्या लोखंडी पाइपाला नवा प्लास्टिकचा थेट जुळत नाही, मध्ये पितळी आट्यांचा अडॅप्टर लागतो. हे आधी कळलं तर दुकानाची एक फेरी वाचते. आणि त्या आट्यांवर गुंडाळायची ती पांढरी टेप, तिचाही इतिहास आहे. पूर्वी सफेदा आणि सुतळी लावत. सफेदा म्हणजे शिशाचं संयुग, चक्क विष, आणि तेही पिण्याच्या पाण्याच्या जोडाला. टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलं. ते शोधत होते फ्रीजमध्ये घालायचा वायू!

नळाचंही तसंच. मुंबईत १८६० साली विहार तलावाचं पाणी लोखंडी नळांतून आलं. अशा दाबाच्या पाण्याला जुन्या पद्धतीची, गुडदी फिरवून भोक बंद करायची तोटी चालत नाही. ती गळते आणि एकदम बंद केली तर पाइपात धाडकन हादरा बसतो. त्यावर तोड निघाली होती ती १८४५ मध्ये इंग्लंडात रॉदरहॅम गावच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळी ओतकामाच्या कारखान्यात. फिरकीचा दांडा हळूहळू खाली येतो आणि एक मऊ चकती भोकावर दाबून बसवतो. ती चकती म्हणजे आपला वायसर. सुरुवातीला चामड्याचा, मग रबराचा. आज पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत चिनी मातीच्या दोन चकत्या असतात, पण जुना नळ गळू लागला की दहा वेळांपैकी नऊ वेळा त्या १८४५ च्या कल्पनेचा तुकडाच झिजलेला असतो. मेन कॉक बंद करा, नळाचं डोकं पान्याने सोडवा, वायसर बदला. झालं.

आणखी एक, एअरलॉक. टाकी रिकामी होऊन परत भरली की कित्येक घरांत एखाद्या नळाला पाणीच येत नाही. पाइपात हवा अडकून बसते. त्यासाठी टाकीतून निघणाऱ्या पाइपाला छत्रीच्या मुठीसारखा वळवलेला एक उघडा पाइप वर काढून ठेवतात. आता पुण्यात जा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्यातून शहरात जे पाणी आणलं त्याच्या वाटेवर 'उच्छ्वास' बांधलेले आहेत. त्याआधी शंभरहून अधिक वर्षं मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहर आणली, तिच्यावर दगडी मनोरे आहेत. काम एकच, पाण्याबरोबर आलेल्या हवेला बाहेर वाट देणं. आपल्या गच्चीवरचा तो वाकडा पाइप म्हणजे त्या मनोऱ्यांचा धाकटा भाऊ. 'उच्छ्वास' हा शब्द मात्र आपण उगाच टाकून दिला असं वाटतं.

आता नेटकडे वळू. टेलिफोनच्या सुरुवातीच्या काळात एकाच तारेवर काम भागवत आणि परतीचा मार्ग म्हणून जमीन वापरत. त्या तारेवर जगातली सगळी खरखर ऐकू येई, शेजारून विजेची ट्राम गेली तर बघायलाच नको. ग्रॅहम बेलने १८८१ साली त्यावर पेटंट घेतलं. दोन तारा घ्यायच्या आणि एकमेकींना पीळ द्यायचा. बाहेरून आलेली खरखर दोन्ही तारांवर सारखीच पडते, आणि ऐकणारं यंत्र दोन्हींमधला फक्त फरक ऐकतं. सारखं ते आपोआप वजा होतं! दुसऱ्याच वर्षी, जानेवारी १८८२ मध्ये, मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवरूनच, किंचाळणाऱ्या मोडेमसकट. २००५ साली ब्रॉडबँड घराघरांत येऊ लागलं तेही याच तारांवरून. पावसाळ्यात फोन खरखरला की नेट बंद, हे त्या काळात ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आज फायबर दारापर्यंत आलाय, पण दारापासून वरच्या खोलीपर्यंत जाणारी लॅनची केबल उघडून बघा. आत बेलच्याच चार पिळलेल्या जोड्या. त्या टोपीत बसवताना क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्येच निळी जोडी का घुसवली असावी? कारण मधल्या दोन पिना पूर्वीपासून टेलिफोनच्या, ती जागा त्यांच्यासाठी राखून बाकीच्यांनी आजूबाजूला बसायचं. हे माहीत नसलेला एखादा माणूस दोन्ही टोकांना जोड्या ओळीने लावतो. स्वस्तातला टेस्टर लावला की आठही दिवे हिरवे लागतात, कारण प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलेली असतेच. पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर आता एकमेकींना पीळ नसलेल्या दोन परक्या तारा आलेल्या असतात. खरखर वजा होत नाही आणि वेग पडतो. सगळे दिवे हिरवे आणि तरी बिघाड! माझ्या बहिणीकडे हाच घोटाळा निघाला होता, दोन टोप्या नव्याने बसवल्यावर नेट सुरळीत झालं.

ही 'फरक मोजण्याची' कल्पना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वीज. आपल्या गोल तीन पिनांचा प्लग ब्रिटिशांच्या १९३४ च्या मानकातला. ब्रिटनने स्वतः १९४७ साली तो सोडून चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला प्लग घेतला. आपण त्याच वर्षी त्यांना निरोप दिला आणि त्यांचा जुना प्लग ठेवून घेतला. त्यातली वरची जाड पिन लांब असते, कारण प्लग घालताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं.

फ्यूजची गोष्ट सोपी. ठरावीक प्रवाहापेक्षा जास्त झालं की बारीक तार वितळते. एमसीबी १९२४ साली जर्मनीत ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीत जन्मला. त्याच्या पोटात दोन पहारेकरी असतात. एक दोन धातूंची पट्टी, ती तापून हळूहळू वाकते. दुसरा विद्युतचुंबक, तो क्षणात खेचतो. त्यामुळे एमसीबी कसा पडला यावरून रोग ओळखता येतो. चालू करताक्षणी पडला तर शॉर्टसर्किट किंवा गळती. दहा-पंधरा मिनिटांनी पडला तर बहुधा जास्तीचा भार, गीझर आणि इस्त्री एकाच तारेवर असणार. फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

पण दोन्ही पहारेकरी राखण करतात ती भिंतीतल्या तारेची. माणसाची नाही. हे नीट समजून घ्या. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी विजेचा धक्का आणि माणूस यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. धरलेली तार सोडता येण्याची सरासरी मर्यादा त्यांना पुरुषांत १६ आणि बायकांत साधारण १०.५ मिलिअँपिअर आढळली. त्याच्या वर स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. आपला सगळ्यांत लहान नेहमीचा एमसीबी ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअर. माणूस चिकटून गेला तरी त्याच्या लेखी काही घडलेलंच नसतं.

मग इतकी वर्षं आपण वाचलो कशामुळे? अर्थिंगमुळे. गीझरच्या पत्र्यात वीज उतरली तर ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. आणि जुन्या घरांत ही अर्थिंगची तार कुठे बांधलेली असे? बऱ्याचदा जमिनीत गेलेल्या पाण्याच्या लोखंडी पाइपाला! त्या काळी ही सर्रास पद्धत होती आणि चालतही होती.

आता माझी मावशी. साताऱ्याजवळ सत्तरच्या दशकातलं घर. लोखंडी पाइप आतून गंजून पाण्याची धार करंगळीएवढी झाली, म्हणून सगळे पाइप बदलून सीपीव्हीसी टाकले. काम अगदी स्वच्छ झालं. धार मोठी झाली, मावशी खूश. दोनेक महिन्यांनी तिने सहज फोनवर सांगितलं, 'अरे, अंघोळीच्या वेळी नळाला हात लावला की मुंग्या येतात बघ. वय झालं आता.' मी तिला म्हटलं, मावशी, गीझरचं बटण बंद कर आणि मी येईपर्यंत लावू नकोस.

जाऊन पाहिलं. गीझरचं एलिमेंट फुटून वीज टाकीच्या पत्र्यात उतरली होती. बोर्डापासून निघालेली हिरवी तार भिंतीतून जुन्या पाइपाच्या उरलेल्या हातभर तुकड्यापर्यंत जात होती. तुकड्याच्या पुढे प्लास्टिक. चाळीस-पन्नास वर्षांचं अर्थिंग नळदुरुस्तीच्या दिवशी संपलं होतं आणि घरात एकही दिवा विझला नव्हता. प्लंबरने पाण्याचं काम चोख केलं होतं, वायरमनने त्याच्या काळात विजेचं. पाइप विजेचंही काम करतो हे दोघांपैकी कुणीच कुणाला सांगायला नव्हतं.

तिथे मी हात लावला नाही. परवानाधारक वायरमनला बोलावलं. त्याने अंगणात खड्डा खणून नवं अर्थिंग केलं, मोजून दाखवलं, गीझर बदलायला लावला आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. हे यंत्र जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांतला फरक मोजतं. दोन्ही सारखे असले तर गप्प. फरक पडला म्हणजे काही वीज वाटेत कुठेतरी, कदाचित माणसातून, जमिनीत चाललीय. मग क्षणाच्या आत मेन बंद. बेलच्या पिळलेल्या जोडीत जसं फरकावर काम चालतं तसंच इथे. घरगुती वापराचं असं उपकरण अमेरिकेत १९६१ साली पुढे आणलं ते याच डॅल्झिएल यांनी.

मावशीला अजूनही वाटतं की मी उगाच खर्चात पाडलं. असो. वाटू दे.

तर मंडळी, वायसर, टेफ्लॉन, लॅनची टोपी हे सगळं स्वतः करा, मजा येते. पण तुमचं घर जुनं असेल आणि पाइप मधल्या काळात बदलले असतील, तर अर्थिंगची हिरवी तार कुठे जाऊन संपते हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. मेन बोर्डात आरसीसीबी असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. खटकन सगळी वीज गेली पाहिजे. गेली नाही, किंवा तसं बटणच सापडलं नाही, तर मला फोन करा. नळाबद्दल नंतर बोलू.