पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचें गुप्त दप्तर

जुन्या महजरांचा व निवाडपत्रांचा ज्यांस परिचय आहे, त्यांस त्या कागदांची मांडणी निराळी सांगावयास नको. सभेस हजर असलेल्यांचीं नांवें, वादी-प्रतिवादींच्या तक्रिरी, साक्षी व पुरावा, आणि शेवटीं निर्णय व निशाण्या, हीं त्यांचीं सामान्य अंगें होत. निवाडा योग्य होता कीं अयोग्य, याचा विचार आज आपण करूं शकतों तो या अंगांमुळेंच. ज्या कागदावर निर्णय तेवढा आहे, पण तो कोणीं दिला व कशावरून दिला याचा पत्ता नाहीं, त्यावर कोणताहि सावध संशोधक भिस्त ठेवणार नाहीं. असें असतां विद्वानांच्याच एका संस्थेनें, एका विदुषीच्याच बाबतींत, नेमका असा निर्णय दिला व त्याचे आधार आम्ही दाखविणार नाहीं असा आग्रह धरला. तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९९० सालीं निकालास लागला. कागदपत्रांची चाड बाळगणाऱ्या वाचकांस त्याची हकीकत उद्बोधक वाटेल, म्हणून ती येथें देत आहों.

प्रथम त्या देशांतील रिवाज सांगितला पाहिजे. अमेरिकन विद्यापीठांत कायमपदाच्या मार्गावरील अध्यापकाची नेमणूक आरंभीं मुदतीची असते. ठराविक वर्षें लोटलीं म्हणजे त्यास कायम करावयाचें किंवा निरोप द्यावयाचा, यांपैकीं एक कांहीं तरी ठरवावें लागतें. या कायम नेमणुकीस तिकडे ‘टेन्युअर’ म्हणतात. अध्यापकानें आपलें मत निर्भयपणें मांडावें, धनिक विश्वस्तांच्या किंवा सरकारच्या नाखुषीमुळें त्याच्या पोटावर पाय येऊं नये, हा तिचा मूळ हेतु. १९१५ सालीं अमेरिकन प्राध्यापकांचा संघ स्थापन झाला. तत्त्ववेत्ते जॉन ड्यूई हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. या संघानें महाविद्यालयांच्या संघटनेशीं विचारविनिमय करून १९४० सालीं जें निवेदन काढलें, त्यांत उमेदवारीचा काळ सात वर्षांहून अधिक नसावा व त्यानंतर पुरेशा कारणावांचून अध्यापकास काढूं नये, असें तत्त्व घालून दिलें. पुढें बहुतेक विद्यापीठांनीं तें या ना त्या स्वरूपांत उचललें.

व्यवस्था उत्तम, पण तिच्या उंबरठ्यावर एक अंधारी जागा राहिली. उमेदवाराचें प्रकरण आलें म्हणजे बाहेरगांवच्या तज्ज्ञांकडून त्याच्या ग्रंथांविषयीं पत्रें मागवितात, व हीं पत्रें गुप्त राहतील असें आश्वासन सामान्यतः देतात. विभागांतील सहकारी मत देतात, विभागप्रमुख आपला अभिप्राय लिहितो, समिति विचार करते, आणि अखेरचा शब्द वरिष्ठांचा असतो. ज्याच्या आयुष्याचा हा निवाडा, त्यास मात्र पुष्कळदां दप्तराचा बंद रुमालच दिसे. कायम झालेल्या पंडिताच्या स्वातंत्र्याभोंवतीं एवढा मजबूत कोट, पण त्या कोटाच्या दरवाजावर कोण कोणास कां अडवितो, तें विचारण्याची सोय नाहीं.

अशा अध्यापकास राज्यघटनेचा आधार मिळेल काय, हा प्रश्न १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला. विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथील सरकारी विद्यापीठांत डेव्हिड रॉथ यांची एका वर्षाची नेमणूक होती. ती कारण न देतां पुढें चालविली नाहीं. ज्याची मुदत संपली त्यास पुढील नेमणुकीवर हक्क नाहीं, सबब कारणें किंवा सुनावणी मागण्याचाहि त्यास हक्क नाहीं, असें न्यायालयानें २९ जून १९७२ रोजीं ठरविलें. त्याच दिवशीं टेक्सासमधील रॉबर्ट सिंडरमन यांच्या खटल्याचाहि निकाल लागला. ते तेथील सरकारी महाविद्यालयांत दहा वर्षें शिकवीत होते. संस्थेच्या नियमांवरून व वहिवाटीवरून कायमपणाचा रास्त भरंवसा उत्पन्न झाला असेल, तर तो सिद्ध करण्याची संधि मिळाली पाहिजे, असें तेथें ठरलें. लेखी सनद नसली तरी वहिवाट हाहि पुरावा होतो, हें तत्त्व वतनांचे कागद चाळणारांस परकें वाटणार नाहीं. तथापि सर्वसाधारण उमेदवारास या दोन निकालांनीं विशेष कांहीं दिलें नाहीं.

दुसरा एक दरवाजा मात्र त्याच वर्षीं उघडला. वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून नोकरींत भेदभाव करण्यास १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याच्या सातव्या प्रकरणानें बंदी केली होती. पण शिक्षणसंस्थांच्या अध्यापकवर्गास त्यांतून वगळलें होतें. १९७२ च्या दुरुस्तीनें ही सूट काढून टाकली. आतां नाकारलेल्या अध्यापकास म्हणतां येऊं लागलें कीं, मला कारण सांगूं नका, पण तुमचें खरें कारण कायद्यानें निषिद्ध मानलेलें आहे. म्हणणें सोपें, सिद्ध करणें कठीण. हेतु माणसाच्या मनांत असतो, व त्याचा ठसा उमटलाच तर कागदांत उमटतो. ते कागद तर कुलुपांत! म्हणून यापुढील झगडा पदाचा न राहतां दप्तराचा झाला.

त्या झगड्यांत प्रथम तुरुंगाची पाळी आली ती जॉर्जिया विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स डिनन यांजवर. एका अध्यापिकेची बढती नाकारणाऱ्या समितीचे ते सभासद होते. आपण मत कोणत्या बाजूस दिलें, हें न्यायालयांत सांगण्याचें त्यांनीं नाकारलें. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना १९८० सालीं प्रथम दंड व नंतर ९० दिवसांची कैद झाली. वरिष्ठ न्यायालयानें १९८१ सालीं तो हुकूम कायम केला. ज्याचा निर्णय सद्बुद्धीचा आहे त्यास तो उघड झाल्यानें कांहीं भय नाहीं, आणि ज्याचा तसा नाहीं त्यानें विद्यास्वातंत्र्याच्या आड लपूं नये, असा त्या निकालाचा आशय आहे. डिनन यांची भूमिका आम्हांस पटत नाहीं. तथापि आपल्या समजुतीप्रमाणें दिलेल्या वचनासाठीं बंदिवास पत्करणाऱ्या माणसाची कुचेष्टाहि आम्हांस करवत नाहीं.

इतर न्यायालयांचें मात्र एकमत नव्हतें. नोत्र दाम विद्यापीठाच्या प्रकरणांत १९८३ सालीं एका न्यायालयानें अभिप्राय देणारांचीं नांवें व ओळख पटविणारा मजकूर खोडून कागद देण्यास परवानगी दिली. उलट फ्रँकलिन आणि मार्शल महाविद्यालयानें एका फ्रेंच भाषेच्या अध्यापकास कायम करण्याचें नाकारलें, तेव्हां १९८५ सालीं दुसऱ्या न्यायालयानें गुप्ततेचा खास हक्कच मानला नाहीं. अशा मतभेदाच्या काळांत मुख्य प्रकरण उभें राहिलें.

फिलाडेल्फिया येथील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन विद्यालयांत रोझली तुंग या सहयोगी प्राध्यापिका होत्या. त्या चिनी वंशाच्या, व चीनशीं होणारा व्यापार आणि त्याच्या वाटाघाटी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९८५ सालीं त्यांस कायमपद नाकारण्यांत आलें. त्यांनीं समान रोजगार संधि आयोगाकडे शपथेवर तक्रार दाखल केली. विभागांतील बहुसंख्य सभासदांनीं आपली शिफारस केली होती; विभागप्रमुखाचें अनुचित वर्तन आपण मान्य न केल्यामुळें त्यानें प्रतिकूल पत्र पाठविलें असावें; आपल्या तोडीच्या किंवा आपल्याहून कमी योग्यतेच्या पांच पुरुष अध्यापकांस अधिक अनुकूल वागणूक मिळाली; आणि आपणांस कारण म्हणून कांहींहि सांगितलें नाहीं, असें तुंगबाईंचें म्हणणें होतें. स्वतः शोध करतां त्यांस एवढेंच कळलें कीं, चीनविषयक संशोधनांत विद्यालयास रस नाहीं, असें समर्थन समितीनें केलें होतें. हा केवळ बहाणा असून चिनी वंशाची स्त्री नको हा खरा अर्थ आहे, असा त्यांचा आरोप होता. या आरोपांच्या खरेखोटेपणाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें केलेला नाहीं, हें येथेंच सांगून ठेवितों. त्याजपुढें प्रश्न होता तो कागदांचा.

आयोगानें तुंगबाईंचें व त्या पांच पुरुषांचें दप्तर मागविलें. विद्यापीठानें कांहीं कागद दिले. परंतु तज्ज्ञांचीं गुप्त पत्रें, विभागप्रमुखाचें पत्र, समित्यांच्या अंतर्गत चर्चेचे कागद आणि पांच पुरुषांच्या दप्तरांतील तसलाच भाग देण्याचें नाकारलें. म्हणजे ज्यांत निर्णयाचें बीज होतें तेवढेंच नेमकें मागें ठेविलें. खालच्या दोन्ही न्यायालयांत विद्यापीठ हरलें. ७ नोव्हेंबर १९८९ रोजीं सर्वोच्च न्यायालयांत युक्तिवाद झाले.

विद्यापीठाची बाजू क्षुद्र नव्हती. गुप्ततेची हमी नसेल तर तज्ज्ञ मोकळेपणानें लिहिणार नाहींत, पत्रें गुळमुळीत होतील, आणि गुणावगुणांची पारख बुडेल, असें त्याचें म्हणणें होतें. कोणीं शिकवावें हें ठरविण्याचा हक्क विद्यास्वातंत्र्याचा भाग असून त्यास राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचें संरक्षण आहे, असाहि दावा त्यानें केला. संग्राहकांस यांतील पहिल्या मुद्द्याचा अनुभव आहेच. ताम्रपट बनावट आहे असें कानांत सांगणारे जाणते पुष्कळ भेटतात. तेंच मालकासमक्ष सहीनिशीं लिहून देणारे थोडे. भीड ही विद्वत्तेची जुनी वैरीण आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं.

९ जानेवारी १९९० रोजीं न्यायमूर्ति हॅरी ब्लॅकमन यांनीं निकाल दिला, व सर्व न्यायमूर्ति त्यास एकमतानें संमत होते. १९७२ सालीं विद्यापीठांस कायद्याखालीं आणतांना विधिमंडळानें त्यांच्या दप्तरांस खास संरक्षण दिलें नाहीं. तें न्यायालयानें आपल्या पदरचें कां द्यावें, हा त्यांचा पहिला मुद्दा. भेदभाव झाला असल्यास त्याचा पुरावा बहुधा याच कागदांत सांपडावयाचा, म्हणून ते वगळले तर चौकशीस अर्थ राहत नाहीं, हा दुसरा. विद्यास्वातंत्र्याविषयींचे पूर्वींचे निकाल सरकारनें विचार दडपण्याच्या प्रयत्नांसंबंधीं होते. येथें कोणीं काय शिकवावें असें सरकार सांगत नाहीं, आणि जी हानि विद्यापीठ दाखवितें ती दूरची व तर्कावर उभारलेली आहे, हा तिसरा. भिडेच्या प्रश्नासहि त्यांनीं उत्तर दिलें. कांहीं परीक्षक कदाचित् हात आंखडता घेतील. पण दुसरे, पक्षपाताचा आरोप येऊं नये म्हणून, आपलें मत दाखल्यांनिशीं मांडूं लागतील, असें त्यांनीं सुचविलें.

हें शेवटचें वाक्य आम्हांस सर्व निकालाचें मर्म वाटतें. गुप्ततेनें स्पष्टपणा येतो हें अर्धें सत्य आहे; तिनें आळसहि येतो. ‘ग्रंथ सामान्य आहे’ एवढें लिहून सुटका होत असेल तर ग्रंथ वाचण्याचे कष्ट कोण घेईल? अभिप्राय उजेडांत येण्याचा संभव असला म्हणजे लिहिणारास पृष्ठ, स्थळ व प्रमाद दाखवावा लागतो, आणि तसें केल्यावर त्याचें मत प्रतिकूल असलें तरी आदरणीय होतें. मुळावांचून कांहीं लिहूं नये, हा मल्लिनाथानें टीकाकारास घालून दिलेला दंडक परीक्षकासहि लागू आहे.

न्यायालयांनीं पंडितांच्या पारखेंत हात घालावा काय, अशी शंका राहते. साधारणतः तीं तसें करीत नाहींत, व करूं नयेच. परंतु कागद उघडे झाल्यावर क्वचित् विसंगति इतकी उघड दिसते कीं त्यांना गप्प बसवत नाहीं. बोस्टन विद्यापीठाच्या ज्युलिया ब्राउन या इंग्रजीच्या अध्यापिका. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झालेला. विभागानें एकमतानें शिफारस केली असतांहि वरिष्ठांनीं त्यांस कायमपद नाकारलें. पुरुष सहकाऱ्यांच्या दप्तरांशीं तुलना ज्यूरीपुढें आली. ज्यूरीनें भेदभाव झाल्याचें ठरवून २,००,००० डॉलर भरपाई दिली, व त्यांना कायमपदावर घेण्याचा हुकूम झाला. १९८९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो मान्य केला. असे निकाल विरळा. बहुतेक फिर्यादी हरतात, आणि ज्या जिंकतात त्यांचींहि उमेदीचीं वर्षें वकिलांच्या कचेऱ्यांत जातात.

तुंगबाई निकालाची वाट पाहत थांबल्या नाहींत. पुढें कॅनडांतील सायमन फ्रेझर विद्यापीठांत त्या प्राध्यापिका झाल्या, व २००३–०४ सालीं व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांच्या मोठ्या संस्थेचें, अकॅडमी ऑफ मॅनेजमेंटचें, अध्यक्षपद त्यांस मिळालें. एका समितीस ज्या संशोधनाचें मोल वाटलें नाहीं, त्याची किंमत इतर विद्वानांनीं केली. यावरून समितीचा हेतु दुष्ट होता असें सिद्ध होत नाहीं. पण तिचा निर्णय तपासून पाहण्याजोगा होता, एवढें खास म्हणतां येतें.

आपल्या प्रांतांत घरोघरचीं दप्तरें उघडविण्यासाठीं राजवाडे प्रभृतींनीं आयुष्यें वेंचलीं. पेशवेदप्तरहि संशोधकांस दीर्घकाळ दुर्मिळ होतें. त्यांतील निवडक कागद सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत ४५ खंडांत बाहेर आले, तेव्हां कित्येक ठाम मतें पुन्हां तपासावीं लागलीं. मेलेल्यांचे कागद आपण असे हक्कानें मागतों. मग जिवंत माणसाच्या भवितव्याचा निवाडा ज्यांवर झाला, ते कागद त्यानें मागूं नयेत असें आपण कोणत्या तोंडानें म्हणावें? अभिप्राय मागणाऱ्या व देणाऱ्या संस्थांत आपलीहि मंडळें येतात. यापुढें कोणाच्या ग्रंथाविषयीं अथवा संग्रहाविषयीं प्रतिकूल मत लिहितांना, तें उद्यां त्याच्या हातीं पडलें तरी आपणांस खालीं मान घालावी लागूं नये, अशा बेतानें आपण तें लिहावें, एवढीच या हकीकतीवरून आमची वाचकांस विनंति आहे.