आज्ञावली आणि तालुका : पाथर्डीच्या संदर्भात दूरध्वनिजालाच्या व्यवस्थापनाचा भाषिक इतिहास

दूरध्वनीचा इतिहास बहुधा यंत्रांचा किंवा खात्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तथापि दूरध्वनीचे जाळे उभारणे ही एक गोष्ट आणि ते चालते ठेवणे ही दुसरी. जाळे चालते ठेवण्याच्या कामास आज ‘नेटवर्क व्यवस्थापन’ म्हणतात. हे काम प्रथम माणसाच्या स्मरणावर व हातावर अवलंबून होते, पुढे ते लिखित आज्ञांवर अवलंबून राहू लागले. या स्थित्यंतरात तालुक्याच्या गावचे काय टिकले व काय गळाले, याचा विचार पाथर्डीच्या संदर्भात येथे केला आहे.

पाथर्डी हे अहमदनगर जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे ठिकाण होय. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पाथर्डीचा दूरध्वनी संकेतांक मात्र ०२४२८ असाच राहिला. या संकेतांकात आरंभीचे शून्य हे केवळ बाहेरगावचा मार्ग मागणारे चिन्ह असून पुढील २४२८ हे अंक क्षेत्र दर्शवितात. शेजारच्या शेवगावचा अंक २४२९ आहे, तर नगर शहराचा २४१. आकारणीच्या सोयीसाठी देशाची सुमारे २,६०० लहान क्षेत्रांत विभागणी झाली, आणि त्यांपैकी बहुतेक क्षेत्रांच्या सीमा सामान्यतः तालुक्याच्या सीमांशी जुळत्या ठेवण्यात आल्या. अशा रीतीने महसूल-व्यवस्थेतील ‘तालुका’ हा जुना घटक दूरध्वनीच्या यंत्रणेत अंकरूपाने शिरला. ज्या तालुक्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परततात, तेथे हे अंक गावी राहिलेल्या वृद्धांना व कारखान्याच्या तळावरील त्यांच्या मुलांना जोडणारे होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

हिंदुस्थानातील पहिली दूरध्वनी केंद्रे १८८२ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे सुरू झाली. त्या केंद्रांत जोडणी माणूस करीत असे. मोठ्या शहरांत स्वयंचलित केंद्रे आल्यानंतरही लहान गावांत ही पद्धत दीर्घकाळ चालू राहिली. बाहेरगावी बोलावयाचे असल्यास ‘ट्रंक कॉल’ नोंदवावा लागे. त्यात ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’ असे प्रकार असत, आणि ठरावीक व्यक्तीच बोलण्यास हवी असल्यास ‘पी. पी.’ असे सांगावे लागे. ग्राहक आपल्या हाताने बाहेरगावचा क्रमांक फिरवू शकेल अशी सोय भारतात प्रथम १९६० साली कानपूर व लखनौ यांच्यामध्ये झाली. या काळात जाळ्यात बदल करणे म्हणजे प्रत्यक्ष तार हलविणे होय. ग्राहकाने घर बदलले, तर खांबावरची जोडणी बदलावयाची आणि केंद्रातील चौकटीवर ‘जंपर’ची तार दुसऱ्या जागी बसवावयाची. कोणती तार पावसात बिघडते आणि कोणत्या खांबावरची जोडणी सैल आहे, हे ज्ञान लाइनमनच्या व ऑपरेटरच्या ठायी असे. ते क्वचितच लिहिले जाई. बोलण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जाई.

या पद्धतीस पहिला मोठा धक्का १९६५ साली अमेरिकेतील सक्कासुन्ना या गावी बसला. तेथील नव्या केंद्रात जोडणीचे नियंत्रण स्मृतीत साठविलेल्या आज्ञावलीकडे देण्यात आले. त्यानंतर जाळ्यात बदल करणे म्हणजे तार बदलणे असे उरले नाही, तर मजकूर बदलणे असे झाले. भारतात या तत्त्वाला ग्रामीण रूप दिले ते १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने. तिने तयार केलेले १२८ जोडण्यांचे पहिले ग्रामीण स्वयंचलित केंद्र १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील किट्टूर येथे बसविण्यात आले. वातानुकूलनाची आवश्यकता न भासता उष्णतेत व धुळीत चालणे हा त्याचा विशेष होता.

आज्ञावली अद्ययावत करण्याच्या रीतीही यंत्रागणिक बदलत गेल्या. लहान केंद्रांत आज्ञावली स्मृतिचकत्यांत कोरलेली असे. म्हणून नवी आवृत्ती आणणे म्हणजे जुन्या चकत्या काढून नव्या बसविणे. मोठ्या केंद्रांत ती फितीवरून किंवा तबकडीवरून भरली जाई. अशा केंद्रांत एकाच कामासाठी दोन संगणक असत : एक कार्यरत, दुसरा सज्ज. रात्री वर्दळ ओसरल्यावर नवी आवृत्ती प्रथम सज्ज संगणकात भरावयाची, मग कार्य त्याच्याकडे सोपवावयाचे, चाचणीचे कॉल करून पाहावयाचे, आणि काही विपरीत घडल्यास जुन्या आवृत्तीकडे परतावयाचे, असा हा क्रम होता.

या क्रमातील सर्वांत महत्त्वाची पायरी आरंभीच येते. केंद्रातील संगणकात दोन प्रकारचा मजकूर असतो. एक आज्ञावली, जी त्या जातीच्या सर्व केंद्रांत सारखीच असते. आणि दुसरी स्थानिक माहिती, म्हणजे ग्राहकांचे क्रमांक, त्यांना दिलेल्या सोयी, बाहेर जाणारे मार्ग. आज्ञावली पुन्हा मागविता येते. स्थानिक माहिती नष्ट झाली तर ती अन्यत्र कोठेही नसते. म्हणूनच अद्ययावतीकरणापूर्वी तिची प्रत काढून ठेवणे हा दंडक ठरला.

आता या आज्ञांच्या भाषेकडे वळू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सल्लागार समितीने केंद्रचालक व यंत्र यांच्यातील संभाषणासाठी एका ‘मानव-यंत्र भाषे’ची शिफारस केली. तिच्यात आरंभी आज्ञेचा संकेत, मग अपूर्णविराम, त्यानंतर ‘घटक = मूल्य’ अशा जोड्या आणि शेवटी अर्धविराम अशी रचना असते. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अंती येते. येथे ते आरंभी येते. मराठी कार्यालयीन लेखनात ‘अमुक क्रमांकाची बाहेरगावची सेवा बंद करण्यात यावी’ असे विध्यर्थी, कर्त्यास आडोसा देणारे वाक्य लिहिले जाईल; या भाषेत ‘बंद : क्रमांक = अमुक, सेवा = बाहेरगाव ;’ एवढेच उरते. ‘कर’, ‘करा’, ‘करावे’ या भेदांतून मराठी जो अधिकार व आदर व्यक्त करते, त्यास येथे स्थान नाही. आज्ञासंकेत इंग्रजी शब्दांच्या तुकड्यांतून बनविलेले असत. हा मराठीवर अन्याय झाला असे म्हणणे मात्र सयुक्तिक होणार नाही. संकेत हे संकेतच असतात, ते सरावाने आत्मसात होतात. खरा प्रश्न संकेतांचा नसून त्यांचे स्पष्टीकरण, प्रशिक्षण व बिघाडाची नोंद कोणत्या भाषेत व्हावी हा होता.

या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेच्या रचनेत आधीच दडलेले होते. महाराष्ट्र शासनाने १९६० साली भाषा संचालनालय स्थापन केले आणि १९६२ साली ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला. परंतु टपाल, तार व दूरध्वनी हे विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत, एकतिसाव्या नोंदीत येतात. १९७६ च्या राजभाषा नियमांनी महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात घातला. तेथे केंद्रीय कार्यालयांचा व्यवहार हिंदी व इंग्रजी यांतून होतो. परिणामी पाथर्डीच्या तहसील कचेरीत जी मराठी परिभाषा पोहोचली, तिला त्याच गावच्या दूरध्वनी केंद्रात अधिकृत प्रवेश नव्हता.

पुढील टप्प्यात व्यवस्थापनच गावाबाहेर गेले. १९८८ साली जाळ्यातील उपकरणांवर दुरून देखरेख करण्याची एक सोपी संकेतपद्धती प्रसृत झाली. १९९२ साली दूरसंचार व्यवस्थापनाचा आंतरराष्ट्रीय आराखडा आला, आणि बिघाड, रचना, हिशेब, कार्यक्षमता व सुरक्षा असे या कामाचे पाच विभाग रूढ झाले. भारतात २००० साली भारत संचार निगम स्थापन झाला. २०११ साली मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचे ठरले. तिची व्यवस्थापन-प्रणालीही सी-डॉटनेच तयार केली. अशा व्यवस्थेत ग्रामपंचायतीतील पेटीचा बिघाड प्रथम दूरच्या पडद्यावर उमटतो, आणि तिची आज्ञावलीही तेथूनच बदलता येते. १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे आवश्यक झाले. एका अंकाच्या या बदलासाठी देशभरच्या केंद्रांतील मजकूर बदलावा लागला, पण त्यासाठी कोणत्याही खांबावर कोणास चढावे लागले नाही. २७ सप्टेंबर २०२५ रोजी निगमाच्या स्वदेशी चौथ्या पिढीच्या जाळ्याचे उद्घाटन झाले. ते पाचव्या पिढीकडे आज्ञावली बदलून नेता येईल अशी त्याची रचना आहे.

अधिकृत परिभाषा पोहोचली नाही, म्हणून बोलणारे थांबले नाहीत. मराठीने या जाळ्यासाठी आपली व्यवस्था स्वतःच लावली. ‘लाइट गेली’ या धर्तीवर ‘रेंज गेली’ आणि ‘रेंज आली’ असे प्रयोग रुजले. ‘लाइन डेड आहे’ असे म्हटले जाऊ लागले. सॉफ्टवेअर दाराप्रमाणे किंवा पंपाप्रमाणे ‘बसवले’ जाते, बियाण्याप्रमाणे ‘टाकले’ जाते, आणि ‘अपडेट मारला’ असेही कानी पडते. नामे परकी असली तरी क्रियापदे शेतावरची व घरातली आहेत. ही केवळ भेसळ नव्हे. नव्या वस्तूचे वर्तन जुन्या अनुभवाच्या आधारे समजून घेण्याची ती रीत आहे.

तथापि कारागिरांच्या बोलीची स्थिती याहून नाजूक आहे. निगमाचे ७८,००० हून अधिक कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्त झाले. तारांचे जाळे ज्यांनी हाताने सांभाळले, त्या पिढीचा मोठा भाग त्या एका दिवशी सेवेबाहेर गेला. संगणकातील स्थानिक माहितीची प्रत काढल्यावाचून नवी आवृत्ती भरू नये, हा नियम यंत्राच्या बाबतीत कसोशीने पाळला गेला होता; माणसांच्या ठायी असलेल्या स्थानिक माहितीसाठी तसा नियम कोणी केला नाही. जोडणी, बिघाड व दुरुस्ती यांसाठी तालुक्यातालुक्यांत रूढ असलेले शब्द कोणत्याही कोशात एकत्रित आलेले नाहीत. ते वापरणारी माणसे आज गावोगावी निवृत्त जीवन जगत आहेत. पाथर्डी, शेवगाव, नेवासे यांसारख्या तालुक्यांतून या शब्दांचे ध्वनिमुद्रण व संकलन करणे हे मराठी विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे, आणि ते येत्या काही वर्षांतच व्हावयास हवे.