शिक्षिकेला लाभलेली डॉक्टरेट

विद्यापीठाची पदवी दोन प्रकारे मिळते. परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळते ती एक. आणि एखाद्याच्या कार्याचा गौरव म्हणून विद्यापीठ आपण होऊन देते ती दुसरी, म्हणजे सन्माननीय पदवी. ही दुसरी पदवी पुष्कळदा मुत्सद्द्यांच्या व धनिक दात्यांच्या वाट्यास येते. परंतु बालकांचे मन जाणण्यात आयुष्य वेचणाऱ्या एका शिक्षिकेसही ती लाभली. त्या अ‍ॅना फ्रॉइड ह्यांचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

अ‍ॅनाबाईंचा जन्म ३ डिसेंबर १८९५ रोजी व्हिएन्ना येथे झाला. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड ह्यांच्या त्या सर्वांत धाकट्या कन्या. १९२० पर्यंत काही वर्षे त्या शाळेत शिकवीत होत्या. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नव्हती. पुढे त्या पित्याच्या शास्त्राकडे वळल्या व बालकांच्या मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्यांत गणल्या गेल्या.

१९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. हे कुटुंब ज्यू होते. गुप्त पोलिसांनी अ‍ॅनाबाईंना चौकशीसाठी नेले. जूनमध्ये पितापुत्रींनी लंडन गाठले. परंतु मागे राहिलेल्या चार आत्यांचा नाझींच्या छळछावण्यांत अंत झाला.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव सुरू असता अ‍ॅनाबाई व त्यांच्या सहकारी डॉरोथी बर्लिंगहॅम ह्यांनी हॅम्पस्टेड भागात बालकांसाठी निवासगृहे चालविली. तेथील सेविकांनी मुलांचे खाणे, झोप, रडणे व खेळ ह्यांची नित्य टिपणे ठेविली. त्यांतून दिसून आले की, आई जवळ असेल तर लहान मूल बाँबचा धाकही बऱ्याच अंशी सोसते. आईची ताटातूट मात्र त्याला अधिक खोल जखम करते. तेव्हा चार-पाच मुलांमागे एक सेविका नेमून लहान लहान 'कुटुंबे' करण्यात आली. तसे करताच एरवी मुकाट असणारी मुले हट्ट करू लागली, भांडू लागली आणि मायाही करू लागली.

१९५० साली अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाने अ‍ॅनाबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच विद्यापीठाने १९०९ साली त्यांच्या पित्याचाही असाच गौरव केला होता. पुढे १९७२ साली खुद्द व्हिएन्ना विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्राची सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. ज्या नगरीतून चौतीस वर्षांपूर्वी परागंदा व्हावे लागले, तिनेच हा मान द्यावा, आणि तोही वैद्यकाची पदवी न घेतलेल्या शिक्षिकेस! ९ ऑक्टोबर १९८२ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

मॅट्रिकपर्यंत शिकून वर्गात हयात घालविलेल्या आम्हांस ह्या चरित्रात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. मुलाकडे रोज लक्षपूर्वक पाहणे व पाहिलेले लिहून ठेवणे, हीदेखील विद्याच होय. ती कोणत्याही मातेस वा शिक्षकास साध्य आहे. दुसरी गोष्ट आपल्या घरांतली. शिक्षणासाठी लहान मुलांना परगावी नातलगांकडे वा वसतिगृहात ठेवणारी कुटुंबे आपल्यांत थोडी नाहीत. गरजेपुढे इलाज नसतो, हे खरे. परंतु अशा मुलाच्या रडण्यास हट्ट समजून दटावू नये. जेथे ते राहील तेथे त्याला 'आपले' म्हणणारे एक तरी माणूस असावे, एवढी तजवीज पालकांनी आधी करावी आणि मगच त्याचे सामान बांधावे.